आंबणें आणि नासणें

मराठी भाषेंत "आंबणें" आणि "नासणें" असे दोन निरनिराळे शब्द आहेत, आणि हा भेद आपल्या स्वयंपाकघरानें शास्त्राच्या पुष्कळ आधीं ओळखला होता. दूध नासलें तर आपण तें टाकून देतों. दुधाचें दहीं झालें तर तें पानांत वाढतों. वास्तविक पाहतां दोन्ही ठिकाणीं घडतें तें एकच. डोळ्यांना न दिसणारे सूक्ष्म जीव अन्नांत वाढतात आणि त्याचें रूप पालटतात. मग एकाला आंबणें म्हणावयाचें आणि दुसऱ्याला नासणें, तें कोणत्या आधारावर? आंबविण्याच्या कामांत आपल्या हातून चूक झाली असतां ती कोठपर्यंत पोटांत घातली जाते, आणि कोठें मात्र क्षमा होत नाहीं? या प्रश्नांचा विचार आज करावयाचा आहे, आणि त्यासाठीं मुख्य उदाहरण घ्यावयाचें आहे तें बियरचें.

बियरचें नांव ऐकून कांहीं कपाळांना आठ्या पडतील. म्हणून आरंभींच सांगणें बरें कीं, घरीं मद्य करण्याची शिफारस करण्याचा येथें हेतु नाहीं. तशी मुभाहि नाहीं. इंग्लंडमध्यें १९६३ पासून घरापुरती बियर परवान्यावांचून करतां येते. अमेरिकेंत १९७८ सालीं मध्यवर्ती कायद्यानें तशी मोकळीक दिली. महाराष्ट्रांत मात्र १९४९ चा दारूबंदी कायदा आजहि लागू असून परवान्यावांचून मद्य तयार करणें हा गुन्हा आहे. मग तें विकण्यासाठीं असो वा घरच्या पाहुण्यांसाठीं. बियरचें उदाहरण घेण्याचें कारण निराळें आहे. आंबविलेल्या पदार्थांपैकीं बियरचा जितका बारकाईनें अभ्यास झाला, तितका क्वचितच दुसऱ्या कशाचा झाला असेल. आणि त्या अभ्यासाचें फळ ठाण्यापासून कल्याण-डोंबिवलीपर्यंतच्या घराघरांतील दह्याच्या गाडग्याला आणि डोशाच्या पिठाला बव्हंशीं लागू पडतें.

प्रथम बियर कशी होते तें थोडक्यांत पाहूं. जव भिजवून त्यांना मोड आणतात व ते मंद उष्णतेवर वाळवितात. तान्ह्या मुलासाठीं नाचणीला मोड आणून सत्त्व करतांना जें घडतें तेंच येथें घडतें. धान्याच्या पिठाची साखर करणारीं पाचक द्रव्यें जागीं होतात. हे जव भरडून सुमारें ६५ अंश सेल्सिअस उष्णतेच्या पाण्यांत तासभर ठेवले कीं पाणी गोड होतें. तें गाळून, हॉप नांवाच्या वेलीचीं कडू फुलें घालून, तासभर उकळतात. मग निववितात आणि त्यांत यीस्ट नांवाचें किण्व सोडतात. आठ-पंधरा दिवसांत हें किण्व साखर खाऊन तिचा मद्यार्क आणि कर्बाम्लवायु बनवितें. सोड्याची बाटली उघडतांना जो उसळून येतो, तोच हा वायु.

आतां या कृतींत नवशिक्याच्या हातून काय काय चुकतें? पाण्याची उष्णता ६५ ऐवजीं ६९ अंश झाली. काय बिघडतें? किण्वाला खातां न येणाऱ्या शर्करा थोड्या अधिक उरतात, मद्यार्क किंचित् कमी होतो आणि पेय जरा दाट व गोडसर लागतें. उष्णता ६२ अंशांवर राहिली तर उलट परिणाम होऊन पेय हलकें व कोरडें होतें. कडू फुलें कमी पडलीं तर कडूपणा कमी. उकळण्यास दहा मिनिटें कमी दिलीं तरी फारसें अडत नाहीं. किण्व सोडून दुसऱ्या दिवशीं पाहिलें आणि फेस दिसला नाहीं, तरी घाबरण्याचें कारण नसतें; पुष्कळदां तो तिसऱ्या दिवशीं दिसतो. या साऱ्या चुकांचें लक्षण एकच आहे. त्यांच्यामुळें बियर ठरविली होती त्याहून वेगळी होते. ती नासत नाहीं. योजलेली चव साधली नाहीं म्हणजे वस्तु वायां गेली असें मानण्याची संवय नवशिक्याला असते, आणि चांगलीं पिंपेंच्या पिंपें मोरींत ओतलीं जातात तीं या घाईमुळें.

ही सहनशीलता येते कोठून? तिचें रहस्य असें आहे कीं, आंबणारी वस्तु आपलें रक्षण आपणच करते. उकळण्यामुळें आधींचे बहुतेक जंतु मरून मैदान मोकळें झालेलें असतें. त्यांत कोट्यवधि किण्वपेशी एकदम उतरतात आणि दुसऱ्या कोणास पाय रोवूं देत नाहींत. त्या प्रथम विरघळलेला प्राणवायु संपवितात. पाठोपाठ आम्लता वाढते. आम्लता मोजण्याची जी 'पीएच' नांवाची पट्टी आज शाळेंतील मुलांनाहि ठाऊक आहे, ती १९०९ सालीं सोरेनसेन या शास्त्रज्ञानें कोपेनहेगन येथील कार्ल्सबर्ग या बियरच्या कारखान्याच्या प्रयोगशाळेंतच तयार केली. या पट्टीवर आंकडा जितका खालीं तितकें आम्ल अधिक. किण्व सोडतांना सव्वापांचाच्या आसपास असलेला हा आंकडा थोड्या दिवसांत सव्वाचारापर्यंत उतरतो. त्यांत शेंकडा चार-पांच मद्यार्काची भर पडते. हॉपच्या कडूपणांतील द्रव्यें कित्येक जंतूंना मारक ठरतात. वरून कर्बाम्लवायूचें पांघरूण असतें. या पांच-सहा तटबंद्या ओलांडून माणसाला रोग आणणारे जंतु नीट झालेल्या बियरमध्यें सहसा वाढूं शकत नाहींत. जे शिरतात ते बहुधा चव बिघडवितात. प्रकृति बिघडवीत नाहींत.

हाच न्याय आपल्या घरीं पहावा. डोशाच्या वा इडलीच्या पिठांत आपण विरजण म्हणून कांहीं घालीत नाहीं. उडदाची डाळच आपले जंतु बरोबर घेऊन येते. भिजविलेल्या डाळीवर ल्युकोनॉस्टॉक नांवाचे जंतु असतात. ते पीठ आंबवितात आणि वायु सोडून तें फुगवितात. हळूहळू आंबटपणा वाढतो, आणि तोच आंबटपणा नासविणाऱ्या जंतूंना दूर ठेवतो. डाळ मूठभर अधिक पडली, मेथी राहून गेली, पीठ जाडसर वाटलें गेलें, तरी पीठ आंबतेंच. मे महिन्याच्या दमट उकाड्यांत ठाण्याला सहा-सात तासांत पातेल्याबाहेर येणारें पीठ डिसेंबरच्या रात्रीं डोंबिवलीला बारा तासांनीं जेमतेम फुगतें. तें बिघडलें असें समजून कोणी टाकून देऊं नये. त्याला उबेच्या जागीं आणखी थोडा वेळ द्यावा. कालमापन घड्याळानें करावयाचें नसून पिठाच्या चढण्यानें व वासानें करावयाचें आहे, हें ज्या घरांत कळलें तेथें या कामाची धास्ती उरत नाहीं.

कित्येक वेळां तर नुसता काळ गेला म्हणजे दोष आपोआप निघून जातो. दह्याला कधीं कधीं तार सुटते, तशीच ती बियरलाहि सुटते. बेल्जियममध्यें ब्रुसेल्सच्या परिसरांत लँबिक नांवाची बियर करतात. ती कोणतेंहि किण्व मुद्दाम न सोडतां, उघड्या हौदांत रात्रभर ठेवून, हवेंतून व लांकडी पिंपांतून जे जीव येतील त्यांच्यावर सोंपविली जाते. पहिल्या उन्हाळ्यांत तिला अनेकदां इतकी तार सुटते कीं ती तेलासारखी ओघळावी. तेथील जाणते लोक अशा वेळीं पिंपाला हात लावीत नाहींत. पुढें कांहीं महिन्यांनीं दुसऱ्या जातीचें किण्व ती तार पचवून टाकतें आणि बियर पुन्हां पातळ व निर्मळ होते. आजारी पडून बरें होणाऱ्या माणसासारखी तिची ही कथा आहे.

तथापि जो धंदा करतो त्याला अशा दैवावर विसंबतां येत नाहीं, आणि म्हणूनच शास्त्राचा प्रवेश या क्षेत्रांत झाला. फ्रेंच शास्त्रज्ञ लुई पाश्चर हा १८७१ सालीं लंडन येथील व्हिटब्रेडच्या कारखान्यांत गेला असतां त्यानें तेथील किण्वाचा थेंब सूक्ष्मदर्शकाखालीं घेऊन, त्यांत किण्वाखेरीज दुसरेहि जंतु आहेत आणि बियर बिघडते ती त्यांच्यामुळें, हें मालकांना दाखविलें. आठवड्याच्या आंत त्या कारखान्यानें स्वतःचें सूक्ष्मदर्शक यंत्र विकत घेतलें. पाश्चरचा बियरवरील ग्रंथ १८७६ सालीं प्रसिद्ध झाला. पुढें १८८३ सालीं त्याच कार्ल्सबर्गच्या प्रयोगशाळेंत एमिल ख्रिश्चन हान्सेन यानें एका पेशीपासून वाढविलेलें शुद्ध किण्व तयार केलें, आणि कारखान्यानें तें स्वतःपुरतें न ठेवतां इतर कारखान्यांसहि दिलें. शेजारणीनें वाटीभर विरजण द्यावें तसाच हा प्रकार झाला. नॉर्वेच्या खेड्यांतील शेतकरी कुटुंबांनीं तर आपलें घरचें किण्व लांकडी कड्यांवर वाळवून पिढ्यान्‌पिढ्या सांभाळलें आहे. इतर किण्वांना १८ ते २२ अंशांचा गारवा मानवतो आणि ३० अंशांच्या उकाड्यांत तीं केळ्यासारखा वास व उग्र चव आणतात. परंतु हें नॉर्वेचें किण्व ३५ अंशांच्या वरहि स्वच्छ काम करतें. थंड देशांतील किण्व आपल्या कोंकणच्या उन्हाळ्यास साजेसें निघावें हा निसर्गाचा एक विनोदच म्हणावयाचा.

येथवर क्षमेची बाजू झाली. आतां ज्या चुकांना क्षमा नाहीं त्या पाहूं. सुदैवानें त्या मोजक्या आहेत.

पहिली चूक उष्णतेची. किण्व किंवा विरजण हा जिवंत पदार्थ आहे. ४५-५० अंशांच्या पुढें बियरचें किण्व मरूं लागतें. दह्याचे जंतु याहून थोडें अधिक सोसतात, पण कढत दुधांत तेहि टिकत नाहींत. करंगळी सुखानें ठेवतां येईल इतकें कोमट, ही आजीबाईंची कसोटी उष्णतामापकाला फारशी हार जात नाहीं. विरजण मेलें तर दुसरें घालतां येतें; पण मधल्या काळांत कोमट, गोड, बेवारशी पडलेलें दूध किंवा जवाचें पाणी ज्याच्या हातीं प्रथम लागेल त्याचें होतें. तेव्हां किण्व उशीरा घालूं नये आणि कमी घालूं नये.

दुसरी चूक स्वच्छतेची, आणि तीहि उकळल्यानंतरच्या स्वच्छतेची. उकळण्यापूर्वींचा डाग अग्नि धुवून काढतो. निवाल्यानंतर बुडविलेला चमचा, ओला हात किंवा उष्टी पळी यांना धुणारें कोणी नसतें. पिठावर वा दह्यावर गुलाबी, केशरी, हिरवा अथवा काळा केसाळ थर दिसला, तर वरचा भाग काढून खालचा वापरण्याचा मोह आवरावा. बुरशीचे तंतु दिसतात त्याहून खोल गेलेले असतात. असा पदार्थ चाखून पाहूं नये, टाकून द्यावा.

तिसरी चूक घाईनें झांकण घट्ट लावण्याची. किण्वाचें काम पुरें होण्याआधीं बाटली बंद केली कीं आंत वायु कोंडत जातो, आणि शेवटीं कांच फुटून तिचे तुकडे तोंडावर उडतात. बियर करणारे द्रवाची घनता मोजणारें, दुधाच्या लॅक्टोमीटरसारखें, एक साधें यंत्र वापरतात. दोन-तीन दिवस लागोपाठ आंकडा तोच आला तरच काम संपलें असें धरतात आणि मगच दर लिटरला पांच-सहा ग्रॅम साखर मोजून घालून बाटल्या भरतात. हल्लीं आपल्या घरांतून आल्याचें फसफसणारें सरबत, गाजराची कांजी किंवा कोंबुचा करण्याची हौस वाढली आहे. ठाण्याच्या उन्हाळ्यांत या बाटल्यांतील दाब एका दिवसांतहि धोक्याचा होऊं शकतो. तेव्हां बाटली पूर्ण भरूं नये, झांकण सैल ठेवावें, आणि आंबट-गोड जमल्याबरोबर ती शीतपेटींत ठेवावी.

चौथी चूक भांड्याची. "ताक कळकलें" हा शब्दप्रयोग जुन्या माणसांच्या तोंडीं आहे. कल्हई उडालेल्या पितळेच्या किंवा तांब्याच्या भांड्यांत आंबट पदार्थ राहिला म्हणजे आम्ल धातूला खातें, त्याचे क्षार अन्नांत उतरतात आणि मळमळ व वांत्या होतात. आंबविण्यास कांच, चिनी माती किंवा पोलाद हेंच उत्तम. याच चुकीचा आधुनिक अवतार म्हणजे भंगारांत स्वस्त मिळणारीं प्लॅस्टिकचीं निळीं पिंपें. औद्योगिक वसाहतींच्या शेजारीं राहणाऱ्या डोंबिवली-अंबरनाथकडील कुटुंबांनीं तरी अशा पिंपांत पूर्वीं कोणतें रसायन होतें याची खात्री असल्याखेरीज त्यांत पाणीसुद्धां भरूं नये. प्लॅस्टिकमध्यें मुरलेलें रसायन कितीहि धुतलें तरी पुरतें निघत नाहीं, आणि कोणतेंहि किण्व तें खाऊन टाकीत नाहीं.

पांचवी चूक आंबटपणावांचून हवाबंद करण्याची. आंबणाऱ्या वस्तूचें सारें रक्षण आम्लांत आणि मिठांत असतें. कच्चा लसूण नुसत्या तेलांत बुडवून खोलींतल्या उष्णतेंत आठवडेच्या आठवडे ठेवला, तर तेथें ना आम्ल, ना मीठ, ना हवा. आणि बोट्युलिझम हा भयंकर विषार उत्पन्न करणाऱ्या जंतूला नेमकी अशीच जागा हवी असते. पीएच ४.६ च्या खालीं तो वाढत नाहीं. म्हणून लोणच्यांतील लिंबू, व्हिनेगर आणि मीठ हीं केवळ चवीसाठीं घातलेलीं नसतात. तीं पहारेकरी असतात.

आतां शेवटचा आणि सर्वांत गंभीर मुद्दा. आपल्या भागांत आंबलेल्या पेयांची परंपरा जुनी आहे. ताड-माडाचा रस पहाटे उतरविला, मडक्याला आंतून चुना लावला आणि तो थंड ठेवला, तर ती गोड नीरा. तीच उन्हांत राहिली कीं दुपारपर्यंत ताडी. ही ताडी नुसती पिण्यासाठीं नव्हती. गोव्याचे पोदेर पूर्वीं माडाची सूर घालून पाव फुगवीत, आणि ठाणें-वसईकडील ईस्ट इंडियन घरांतून सणासुदीच्या फुग्यांचें पीठ ताडीनेंच आंबविलें जाई. या साऱ्यांत शतकानुशतकें अदमासानें कामें झालीं, चुका झाल्या, आणि फार तर पाव आंबट झाला.

मग २००४ च्या डिसेंबरांत विक्रोळीला ऐंशींहून अधिक आणि २०१५ च्या जूनमध्यें मालाडच्या मालवणींत शंभरांहून अधिक माणसें गांवठी दारू पिऊन मेलीं, तीं कशानें? "दारू नीट आंबली नसेल", "भट्टींत कांहीं सडलें असेल", असें त्या वेळीं पुष्कळांनीं म्हटलें, आणि आजहि म्हणतात. हा समज चुकीचा असून घातक आहे. धान्य, गूळ किंवा ताडी आंबली असतां विषारी मिथिल मद्यार्क, म्हणजेच मिथेनॉल, नाममात्रच उत्पन्न होतो. या दोन्ही ठिकाणीं मारक ठरला तो कारखान्यांसाठीं बनविलेला मिथेनॉल. पेयाचा जोर वाढावा व खर्च वांचावा म्हणून माणसानें तो मद्याच्या नांवाखालीं विकला. म्हणजे तेथें आंबविण्याच्या कलेचा दोष नव्हता. तिला फांटा देऊन तिच्या जागीं विष बसविलें गेलें होतें.

या विषाचें कपट असें कीं त्याला वास व चव साध्या मद्यार्कासारखीच असते, आणि प्याल्यानंतर त्याचीं लक्षणें पुष्कळदां बारा ते चोवीस तासांनीं दिसतात. यकृतांत त्याचें फॉर्मिक आम्ल होतें आणि तें डोळ्यांच्या मज्जातंतूवर घाला घालतें. म्हणून अशी दारू घेतलेल्या माणसाला दुसऱ्या दिवशीं धुरकट दिसूं लागलें, पोटांत कळा येऊं लागल्या, श्वास जोरानें चालूं लागला, तर ती "काल रात्रीची उतरती नशा" समजून त्याला निजवूं नये. क्षणाचाहि विलंब न लावतां रुग्णालयांत न्यावें आणि काय प्याला तें डॉक्टरांना स्पष्ट सांगावें. वेळेवर उपचार मिळाले तर प्राणहि वांचतात आणि दृष्टीहि वांचते. आपल्या घरीं कोणी मद्याला शिवत नसेल. पण घरकामाला येणाऱ्या बाईचा नवरा, इमारतीचा पहारेकरी, कोपऱ्यावरचा हमाल यांच्यापैकीं कोणाला तरी ही एक गोष्ट वेळेवर सांगणारा शहाणा माणूस जवळ असणें आवश्यक आहे.

तात्पर्य, आंबणें आणि नासणें यांतील भेद असा आहे. ज्या जीवांना आपण जाणून बोलावलें आणि ज्यांनीं आम्ल, मीठ वा मद्यार्क यांची तटबंदी उभारली, त्यांच्या राज्यांत आपलें थोडेंसें चुकलेलें माप, उशीर झालेली रात्र, कमी पडलेली मूठ हीं सारीं खपून जातात. जेथें ती तटबंदी आपणच उभी राहूं दिली नाहीं, किंवा बाहेरून विष आंत आणलें, तेथें खपून जात नाहींत. मापाच्या चुकीला भिऊन कोणी पातेलें ओतून देऊं नये. आणि भांड्याच्या, झांकणाच्या, बुरशीच्या व विषाच्या बाबतींत "चालेल" हा शब्द कोणी तोंडांतून काढूं नये. एवढा विवेक ज्याला साधला, त्याच्या घरचें दहीं क्वचितच बिघडेल, आणि एखाद्या दिवशीं बिघडलेंच तरी, तें आंबलें आहे कीं नासलें आहे, हें त्याला दुसऱ्या कोणास विचारावें लागणार नाहीं.